मागे उभा आहे तो

माणूस आयुष्यभर झिजतो आणि त्या झिजण्याचं चीज झालं, तर एक ना एक दिवस त्याच्या डोक्यावर मुकुट चढतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. कोइवुला गावात हा मुकुट प्लास्टिकचा असतो. त्याला बाहेरून सोनेरी रंग दिलेला असतो, कपाळावर एका सॉसेजवाल्या कंपनीचं नाव असतं, आणि सामना संपला की तो ओस्मोकडे परत द्यावा लागतो. ओस्मो संघाचं सामान सांभाळतो. तो मुकुट व्हिनेगरने पुसून कपाटात कुलूपबंद करतो, कारण घामाच्या वासापुढे सोन्याचंही काही चालत नाही.

आइस हॉकीच्या लीगचा नियम सरळ आहे. हंगामातले पहिले सहा सामने झाले, की संघात ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याने पुढच्या सामन्यात सोनेरी हेल्मेट घालायचं. गोल मारला की एक गुण. गोल मारणाऱ्याला पास दिला त्याला एक, आणि त्याच्याही आधी ज्याने पास दिला त्यालाही एक. दोघांचे गुण सारखे झाले, तर ज्याचे गोल जास्त त्याचं हेल्मेट. बाकीचे पांढरी हेल्मेटं घालतात आणि सोनेरीवाल्याला टोमणे मारतात. सोनेरीवाला बर्फावर लांबून उठून दिसतो, त्यामुळे समोरचे लोक त्यालाच आधी आडवा करतात. हा त्या सन्मानाचा दुसरा भाग.

यार्नो हिएताला गावच्या ओत्सो संघाकडून सोळा हंगाम खेळला होता. सतरावा चालू होता. इतक्या वर्षांत त्याने ते हेल्मेट हातातसुद्धा धरलं नव्हतं. धरायचं काही कारणच नव्हतं. यार्नो बचावपटू होता, आणि तोही त्या जातीचा, जे आपल्या गोलाच्या आसपास राहतात आणि पुढे काय चाललंय ते लोकांच्या आरडाओरड्यावरून ओळखतात. समोरून ताशी दीडशे किलोमीटरने रबराची काळी चकती येते. शहाणा माणूस अशा वेळी बाजूला होतो. यार्नोला महिन्याचा पगार बाजूला न होण्याचा मिळायचा.

आठशे अकरा सामने, एकोणीस गोल. नाक दोनदा, जबडा एकदा, सात दात. त्यातला एक दात स्वीडनमध्ये पडला. यार्नो एक हंगाम तिकडे खेळला होता आणि त्याबद्दल तो बोलत नसे. तेविसाव्या वर्षी त्याला अमेरिकेतल्या एका मोठ्या संघाने सराव शिबिराला बोलावलं होतं. तिथले प्रशिक्षक तीन आठवडे त्याला 'यार्मो' म्हणत होते. चौथ्या आठवड्यात त्यांनी त्याला नवी बॅग भेट दिली आणि विमानात बसवलं. बॅग चांगली होती. अजून वापरात होती. गुडघा तेवढा टिकला नव्हता. करार आता एकेका वर्षाचा असे आणि पुढच्या वर्षाचा विषय कुणी काढत नसे.

यार्नोचे वडील कालेर्वो मात्र गोल मारणारे होते. १९७१ साली उघड्या मैदानावर, उणे सव्वीस अंशांत, ओत्सोला वरच्या गटात नेणारे चारही गोल त्यांनी एकट्याने मारले. एस.टी. स्टँडसारखा जो गावचा बसतळ आहे, तिथल्या कॉफीच्या दुकानात त्यांचा त्या दिवशीचा फोटो लावलेला आहे, मिशांवर बर्फ साचलेला. तो सामना मी डोळ्यांनी पाहिला असं सांगणारी माणसं गावाच्या तेव्हाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत. कालेर्वो नंतर छत्तीस वर्षं कागद गिरणीत राबले, पण गावाच्या लेखी ते त्या एका दुपारीच निवृत्त झाले होते.

यार्नो नऊ वर्षांचा असताना शाळेच्या संघातल्या गुरुजींनी त्याला मागच्या फळीत टाकलं. घरी वाटाण्याचं सूप खाताना त्याने ही बातमी दिली.

"मागे?" कालेर्वोंनी विचारलं.

"हो."

"मागे उभा राहून काय करणार?"

"अडवणार."

"हं," कालेर्वो म्हणाले आणि मोहरीची बरणी पुढे ओढली.

हे 'हं' पुढे सत्तावीस वर्षं टिकलं. कालेर्वो घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला यायचे, खांबाशेजारच्या त्याच खुर्चीवर बसायचे आणि सामना संपायला दोन मिनिटं असताना उठायचे. नंतर गाडी काढायला गर्दी होते, असं त्यांचं म्हणणं. ते सायकलवर यायचे. रविवारी जेवायला गेल्यावर यार्नो वाट बघायचा, आणि बटाटे संपता संपता अभिप्राय यायचा, तोही यार्नोच्या बचावातल्या जोडीदाराबद्दल: "इल्का चांगला खेळला."

आता कालेर्वो अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि फुप्फुसं गिरणीच्या हवाली करून दवाखान्याच्या त्या मजल्यावर पोचले होते, जिथे भेटायला यायच्या वेळा लिहिलेल्या नसतात. कधीही या म्हणतात. यार्नोला त्याचा अर्थ कळत होता.

आणि नेमक्या त्याच ऑक्टोबरात ही भानगड झाली.

ओत्सोने सहा सामन्यांत फक्त आठ गोल केले होते. अशा दुष्काळात कुणाचंही पीक डोळ्यांत भरतं. यार्नोचे त्यात दोन गोल होते. एकदा त्याने आपल्या टोकाहून चकती नुसती बाहेर हाकलली. ती अडवायला समोरचा गोलरक्षक जाळ्यामागे गेला आणि चकती भिंतीच्या सांध्याला लागून रिकाम्या जाळ्यात शिरली. दुसऱ्यांदा आपल्याच माणसाने मारलेला फटका यार्नोच्या पार्श्वभागावर आपटून आत गेला. शिवाय एक पास. असे तीन गुण. त्याचा जोडीदार इल्का, बचावफळीतलाच, तोही तीन पासांवर तीन. बाकी सगळे दोनवर किंवा त्याखाली.

गुरुवारी सहाव्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत ओत्सोचा एकुलता एक गोल झाला. कोपऱ्यात पाच-सहा जण एकमेकांत अडकले होते, त्यातून चकती सुटली, पुढे गेली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन जाळ्यात पडली. भोंगा वाजला. ध्वनिक्षेपकावरून गोलाचं नाव आलं, पहिल्या पासाचं आलं, आणि मग: "दुसरा पास, नंबर पाच, यार्नो हिएताला!"

यार्नो त्या वेळी गुडघ्यांवर बसून सुटलेला हातमोजा शोधत होता. चकती त्याच्या स्टिकला लागलीच नव्हती. शेजारी तीन नंबरचा इल्का होता. लागली असली तर त्याच्या. अशा वेळी करायचं ते ठरलेलं असतं. पंचाकडे जायचं, मान हलवायची, 'माझा नाही, त्याचा' म्हणायचं. दोन मिनिटांत दुरुस्ती होते. सगळेच करतात. यार्नोने आजवर चार पास असे परत केले होते. पण उठताना गुडघ्यात कळ आली, तो लंगडत बाकावर गेला, मग सामनाच संपला. सांगायचं राहिलं. उद्या सांगू म्हणाला.

शुक्रवारी सराव संपल्यावर ओस्मोने त्याला बोलावलं आणि कपाट उघडलं.

"डोकं पुढे कर."

"ओस्मो, ऐक—"

"गप बस, माप घेऊ दे. एकतीस वर्षं झाली मला इथे. देवाशप्पथ सांगतो, तुझ्या डोक्यासाठी हे कुलूप काढावं लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं." त्याने मागचे स्क्रू आवळले. "खेळून खेळून दात गेले सगळे, डोकं मात्र लहान राहिलं तुझं."

यार्नोने आरशात बघितलं. लग्नात दुसऱ्याचा कोट घालून आलेल्या माणसासारखा तो दिसत होता.

साउनात, त्या वाफेच्या खोलीत, वरच्या पायरीवर इल्का आधीच घाम गाळत बसला होता. इल्का बोलका होता. बचावफळीत दोघांपैकी एकाला बोलावंच लागतं, आणि नऊ वर्षं ते खातं त्याच्याकडे होतं.

"या या, महाराज! खाली बसा, उष्णतेने सोनं वितळेल."

"तो पास तुझा होता," यार्नो म्हणाला.

"असेल."

"असेल काय? तुझ्या स्टिकला लागली ना?"

"काहीतरी लागलं बुवा. चकती असेल, नाहीतर कुणाचं नाक असेल." इल्काने तापल्या दगडांवर पाणी टाकलं. "पण समज माझा होता. मग?"

"मग हेल्मेट तुझं. मी दुपारी नोंद ठेवणाऱ्या ओनेर्वाबाईंना सांगतो."

"ए गाढवा, नको ते शहाणपण करू नकोस. माझं हे टोपलं बघ. मापाचं हेल्मेट अख्ख्या लीगमध्ये मिळत नाही मला. आणि मला अजून दहा वर्षं खेळायचंय. तुला किती?"

यार्नोने गुडघा चोळला. दगड चर्र करत राहिले.

"म्हाताऱ्याला सांगितलंस?" इल्काने जरा वेगळ्या आवाजात विचारलं.

"नाही अजून."

"आधी तिकडे जा. मग काय ते पावित्र्य कर."

यार्नो गेला. कालेर्वो उशीवर उंच टेकून बसले होते, नाकात प्राणवायूची नळी. समोर भिंतीवर टीव्ही, आवाज बंद. खिडकीबाहेर बर्चची पिवळी पानं गळत होती आणि ती झाडायला एक माणूस मोठ्या आवाजाचं यंत्र फिरवत होता.

"बाबा."

"गुडघा?"

"ठीक आहे."

"लंगडतोयस."

"थोडासा." यार्नोने खुर्ची ओढली. छत्तीस वर्षांचा, चौऱ्याण्णव किलोचा माणूस. पण त्या खुर्चीत बसला की त्याला पाय कुठे ठेवायचे कळत नसे. "उद्या सामन्यात सोनेरी हेल्मेट मी घालणार आहे."

कालेर्वोंनी त्याच्याकडे पाहिलं. पाहत राहिले. नळीतून हवा सूं सूं करत होती.

"काहीतरी चूक झाली असेल त्यांची," ते म्हणाले.

"चार गुण झालेत माझे."

"काल तो दुसरा पास." मधे श्वास. "तुझा होता?"

आयुष्यात पहिल्यांदा वडिलांनी त्याच्या खेळाबद्दल त्यालाच प्रश्न विचारला होता. उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते यार्नोला पाठ होतं. तो नऊ वर्षांचा असताना लीगच्या सामन्यात एक चकती काच ओलांडून त्याच्या मांडीवर पडली होती. अशी चकती लोक घरी नेतात, टीव्हीवर मांडून ठेवतात. कालेर्वोंनी दुसऱ्या दिवशी त्याला सायकलवर बसवून रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या कचेरीत नेलं आणि ती परत करायला लावली. तिथल्या कारकुनाला तिचं काय करायचं कळेना. शेवटी त्याने ती दाराला पाचर म्हणून लावली. "जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही," परत येताना कालेर्वो म्हणाले होते. पुढे चढ होता म्हणून आणखी काही बोलले नव्हते.

"तसं लिहिलंय," यार्नो म्हणाला.

"हं," कालेर्वो म्हणाले आणि डोळे मिटले.

बाहेर व्हरांड्यात सिनिक्का भेटली. त्या मजल्यावरची नर्स. रुंद बांध्याची, हसरी, आणि हॉकीतलं शून्य कळणारी. गावात अशी माणसं तीन-चारच असतील.

"किती दिवस?" यार्नोने विचारलं.

"डॉक्टर आठवडा म्हणतात. मी म्हणणार नाही." तिने त्याच्या बाहीला हात लावला. "उद्या सामना आहे ना? तो बघू दे त्यांना. मी लावून देईन टीव्ही. तू कसा ओळखू येशील?"

"सोनेरी हेल्मेट," यार्नो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे दुसरं खोटं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "काय सांगितलंस रे तू त्यांना? तू गेल्यावर फोन मागितला. चार दिवसांत हात उचलला नव्हता, आज स्वतः नंबर फिरवला. मला म्हणाले, तू बाहेर जा. मग म्हणे दाढी करून द्या. केली. मग म्हणे चष्मा पुसा. आता झोपलेत. कुणाला फोन केला कोण जाणे, पण चेहरा एकदम... काम उरकल्यासारखा."

यार्नोने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभा राहिला. कुणाला केला असेल ते त्याला दिसत होतं. गिरणीतल्या जुन्या मित्राला. नाहीतर कॉफीच्या दुकानात, जिथे तो फोटो आहे. उद्या बघा, माझा पोरगा. एवढंच म्हणाले असतील, जास्त नाही. पण दाढी केली.

ओनेर्वाबाईंचा नंबर त्याच्याकडे होता. त्याने तो लावला नाही. रविवारी सांगायचं, त्याने ठरवलं. शनिवार एक जाऊ दे. दुरुस्तीच ती, रविवारी झाली काय, सोमवारी झाली काय. आठशे अकरा सामन्यांत त्याने केलेली ही पहिली लबाडी, आणि सराव नसल्यामुळे रात्रभर तो कुशीवर वळत राहिला.

शनिवारी सामना पाचला होता. तीन वाजता यार्नो आपल्या जागी बसून घोट्यांना पट्टी गुंडाळत होता. सोनेरी हेल्मेट डोक्यावरच्या फळीवर ठेवलेलं होतं. जाणारा येणारा त्यावर टिचकी मारत होता.

"महाराज, सॉसेज फुकट मिळतं का आता?"

"अरे, नीट बघा रे, आत यार्नोच आहे का कुणी दुसरा?"

दार उघडलं आणि ओनेर्वाबाई आत आल्या. ओनेर्वाबाई म्हणजे सामन्यांच्या अधिकृत नोंदकर्त्या. पूर्वी शाळेत गणित शिकवत. संघातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी नापास केलं होतं, त्यामुळे त्या आल्या की मोठमोठे गडी टॉवेल सावरून बसायचे.

"हिएताला," त्या म्हणाल्या.

यार्नो उभा राहिला. एका पायात स्केट, एका पायात मोजा. "बाई, मला तुम्हाला काहीतरी—"

"बस खाली. गुरुवारचा दुसरा पास मी बदललाय. तीन नंबरला दिला. तुझे झाले तीन, इल्काचे चार. ओस्मो, हेल्मेट इल्काला दे."

इल्का म्हणाला, "बाई, कशाला उगाच—" आणि बाईंनी नुसतं बघितल्यावर टॉवेल सावरून बसला.

"इल्काने सांगितलं तुम्हाला?" यार्नोने विचारलं.

"नाही. तुझ्या वडिलांचा फोन आला होता काल." बाई चष्म्यातून त्याच्याकडे बघत होत्या. "म्हणाले, 'ओनेर्वा, तो पास पोराचा नाही. खोडून टाक.' मी फोन हातात धरूनच चित्रफीत काढून पाहिली. त्यात नीट काही दिसत नाही, सगळी माणसांची गुंतवळ. मी म्हटलं, 'कालेर्वो, मला मोठ्या पडद्यावर दिसत नाही, तुला तिथे पलंगावरून कसं दिसलं?'"

"मग?"

"म्हणाले, 'तुम्ही सगळे चकतीकडे बघत होता. मी पाच नंबरकडे बघत होतो. तो हातमोजा शोधत होता.'" बाईंनी वहीचं पान उलटलं, त्यावर काही नव्हतं, परत मिटलं. "धाप लागली होती त्यांना. म्हटलं, ठेव आता फोन. तर म्हणाले, 'सोळा वर्षं तेवढंच बघतोय.' मग ठेवला."

बाई गेल्या. ओस्मोने हेल्मेट फळीवरून काढलं, इल्काच्या डोक्यावर बसवायला मागचे स्क्रू पूर्ण सैल केले. इल्का मान खाली घालून बसला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला बोलायला काही सापडत नव्हतं.

यार्नोने दुसऱ्या पायात स्केट घातला, नाडी बांधली, सोडली, परत बांधली. त्याच्या मनात दोनच गोष्टी आळीपाळीने येत होत्या. खांबाशेजारच्या खुर्चीतला तो माणूस सोळा वर्षं पुढचे गोल बघत नव्हता, आपल्याला बघत होता. आणि काल त्या माणसाने विचारलं, तुझा होता? तेव्हा त्या माणसाला उत्तर आधीच माहीत होतं.

सामना संपला की थेट जायचं. माझा नव्हता, म्हणायचं. बस, तेवढंच.

सामन्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. यार्नो आजवर कुणी बघतंय या समजुतीने कधी खेळलाच नव्हता. पहिल्या पाच मिनिटांत त्याला आपले हात, पाय, पाठ, सगळं एकदम जाणवायला लागलं. कॅमेरा कुठे आहे ते त्याने सोळा वर्षांत पहिल्यांदा शोधलं, आणि शोधता शोधता कुणीही न ढकलता सपाट पडला. प्रशिक्षक ओरडले, "हिएताला! जमीन सापडली का?" मग तो सावरला. मागे आपल्या जागी उभा राहिला. एक फटका पोटरीवर घेतला, एक बरगडीवर. पुढे सोनेरी हेल्मेट इल्काच्या डोक्यावर डुगडुगत होतं आणि समोरचे लोक नियमाप्रमाणे त्याला आडवा करत होते. ओत्सो चार-शून्यने हरला.

साडेसातला यार्नो ओल्या केसांनी दवाखान्यात पोचला. सिनिक्का व्हरांड्यातच उभी होती. तिच्याकडे बघितल्यावर त्याने पावलं आपोआप हळू केली. जितकं हळू जाऊ तितकं ते लांबेल, अशा हिशोबाने.

"सहाला दहा मिनिटं कमी होती," ती म्हणाली. "मला फोन करायचा होता. पण त्यांनी दुपारीच बजावलं होतं, सामना चालू असताना त्याला फोन करायचा नाही, काहीही झालं तरी. काहीही म्हणजे काय ते मी विचारलं नाही."

यार्नो आत गेला. नळी काढलेली होती. दाढी गुळगुळीत होती, हनुवटीवर एक बारीक कापल्याची खूण. चष्मा डोळ्यांवरच होता. तो काढावा की राहू द्यावा ते त्याला कळेना. त्याने राहू दिला. खुर्चीत बसला. पाय कुठेतरी ठेवले.

"माझा नव्हता," तो म्हणाला.

बराच वेळ झाल्यावर सिनिक्का कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आली. तिने सगळं सांगितलं, तो विचारत नव्हता तरी. टीव्ही पावणेपाचलाच लावला होता. उशा तीन दिल्या होत्या. मधेच श्वास फार वर लागला तेव्हा तिने हात धरला आणि त्यांना बरं वाटावं म्हणून पडद्याकडे बोट दाखवलं.

"मी म्हटलं, तो बघा तुमचा यार्नो. तो सोनेरीवाला. तूच सांगितलं होतंस ना मला. तर एवढे वैतागले माझ्यावर! हात सोडवून घेतला. म्हणाले, 'तो नव्हे.' मग बोट उचलून दाखवलं मला. 'मागे उभा आहे तो.'" सिनिक्काने कप त्याच्या हातात दिला. "मी पाहिलं, तर तिथे कुणी काही करतच नव्हतं. नुसता एक जण उभा. त्यानंतर नाही बोलले काही."

ते सांगताना बाबांचा आवाज कसा होता, हे यार्नोला विचारायचं होतं. पोराने खोटं सांगितलं म्हणून बापाने फोन केला, की पोराला खोटं घालून फिरावं लागू नये म्हणून केला, हे त्या आवाजावरून कळलं असतं कदाचित. पण सिनिक्काला हॉकीतलं काही कळत नव्हतं. त्याने कॉफी प्यायली.

मंगळवारी लीगच्या कचेरीतून ओनेर्वाबाईंना पत्र आलं. गुरुवारच्या त्या गोलाची जाळ्यामागच्या कॅमेऱ्याची चित्रफीत तपासली होती. कोपऱ्यातून चकती बाहेर आली ती ओत्सोच्या कुणाच्याच स्टिकवरून नव्हे. ती विरुद्ध संघाच्या खेळाडूने मारली होती आणि मग ओत्सोने मधेच पकडली. त्यामुळे त्या गोलाला दुसरा पास नाही. तीन नंबरचा गुण रद्द. यार्नो तीन, इल्का तीन. गुण सारखे झाले तर ज्याचे गोल जास्त त्याचं हेल्मेट. यार्नोचे दोन, इल्काचे शून्य. म्हणजे शनिवारी हेल्मेट यार्नोचंच होतं. गैरसोयीबद्दल लीगने दिलगिरी व्यक्त केली होती.

गुरुवारी यार्नोने ते घातलं. ओस्मो मागचे स्क्रू आवळायला विसरला होता, त्यामुळे ते सारखं डोळ्यांवर येत होतं.